घरांतील केर कमी कसा होईल?

रत्नागिरीकडील जुन्या घरांत केर निघत नसे असें नाहीं. पण तो फार थोडा उरत असे. माणसें काटकसरी होतीं, एवढेंच त्याचें कारण नव्हे. प्रत्येक टाकाऊ पदार्थाची जागा ठरलेली असे, आणि दुसऱ्या पदार्थांत मिसळण्यापूर्वींच तो त्या जागीं पोंचत असे.

एक नारळाचेंच उदाहरण घ्यावें. सोडणें चुलींत जात किंवा त्यांचा काथ्या निघे. करवंट्या न्हाणीच्या चुलीस उपयोगी पडत. झावळ्यांचे झाप विणले जात व हिरांचा खराटा होई. रातांब्याच्या सालीचें आमसूल व बियांचें तेल होई, फणसाच्या आठळ्या पावसाळ्याच्या बेगमीस ठेवल्या जात. भाजीचीं सालें गुरांपुढें, राख भांडीं घांसण्यास, आणि न्हाणीचें पाणी अळूला व केळींना! या व्यवस्थेंतील बहुतेक श्रम घरांतील बायकांचे होते, हें मात्र विसरतां कामा नये.

त्यांतूनही उरलेंसुरलें कोणी गडग्यापलीकडे फेंकलें, तरी एकदोन पावसाळ्यांत त्याची माती होई. आज अनेक बिऱ्हाडें मजल्यांच्या इमारतींत राहावयास गेलीं. परसूं गेलें, गोठा गेला. गडग्यापलीकडे फेंकण्याची संवय तेवढी राहिली. आणि आतां फेंकली जाते ती प्लॅस्टिकची पिशवी! रत्नागिरीस वर्षाकाठीं सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर ती गटारांतून वहाळाला आणि वहाळांतून समुद्राला मिळते. याच जिल्ह्यांत वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालण्यास येतात. समुद्रकासवें असल्या पिशव्या भक्ष्य समजून गिळतात व मरतात, असें जगांत ठिकठिकाणीं आढळून आलें आहे.

तेव्हां मूळ प्रश्न असा, कीं वस्तूचा केर केव्हां होतो? त्याचें उत्तर, ती मिसळली जाते तेव्हां. कोरडी रद्दी, बाटली, डबा हीं भंगारवाला मोल देऊन नेतो. त्यांवर शिळी आमटी ओतली, कीं त्यांना कोणी हात लावीत नाहीं. उलटपक्षीं, भाजीचीं सालें पिशवींत गांठ मारून कोंडलीं, कीं तीं हवेवांचून सडतात, आणि कचऱ्याच्या ढिगांत त्यांपासून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो. शिवाय घरांत जें वेगळें केलें नाहीं, तें पुढें सफाई कामगारास हातानें निवडावें लागतें. फुटलेली कांच व दाढीचें पातें त्याच्या बोटांना प्रथम सांपडतें.

म्हणूनच केंद्र सरकारनें २०१६ सालच्या नियमांत ओला, सुका व घातक असा केर घरींच निराळा करावा, असें घालून दिलें. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. परंतु कायदा दारापर्यंत येतो. स्वयंपाकघरांत तो घरच्या माणसांनींच आणावा लागतो.

हें साधतें काय? १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच असलेल्या वेंगुर्ल्यानें तें साधून दाखविलें. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गांवीं २०१५ च्या सुमारास नगरपरिषदेनें घरोघरून केर निवडूनच घेण्यास आरंभ केला. ओल्यापासून गॅस व खत होऊं लागलें, प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत गेला, आणि जेथें उकिरडा होता तेथें लोक मुद्दाम पाहावयास येऊं लागले.

घरापुरता उपाय याहून सोपा आहे. बाजारास निघतांना कापडी पिशवी व मासळीसाठीं झांकणाचा डबा बरोबर घ्यावा, म्हणजे निम्मा त्रास दारांतून आंतच येत नाहीं. सज्जांत भोंकें पाडलेली एक कुंडी ठेवावी. तींत सालींचा एक थर व काथ्याच्या भुश्याचा एक थर द्यावा. भुसा ओल शोषून घेतो, म्हणून दुर्गंधी येत नाहीं. अधूनमधून तें हलवावें व पावसाळ्यांत कुंडी आडोशाला ठेवावी. दोनतीन महिन्यांत त्याचें खत होतें. सुका जिन्नस धुऊन, वाळवून वेगळा ठेवावा. पातीं, कांच व जुनीं औषधें कागदांत गुंडाळून, वर खूण करून निराळीं द्यावीं.

यास रोज पांच मिनिटें पुरतात. तीं पांच मिनिटें घरांत खर्च झालीं नाहींत, तर त्यांचा हिशेब कामगाराच्या हाताला, वहाळाला आणि समुद्राला चुकवावा लागतो.