दहा मिनिटांचे गाव



भारतीय परंपरेने मानवी आयुष्याचे चार आश्रम सांगितले आहेत. निवृत्तीचा विषय निघाला की त्यांपैकी वानप्रस्थाचे स्मरण हटकून होते. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. अलीकडे मात्र या वचनाचा अर्थ फार सोयीस्करपणे लावला जातो. शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत, गर्दीपासून दूर एखादी सदनिका घेतली की आधुनिक वानप्रस्थ साधला, अशी घरबांधणीच्या जाहिरातींची शिकवण असते. दुर्दैवाने अनेक सुशिक्षित माणसे ती शिरोधार्य मानतात.

वस्तुतः आपल्या परंपरेतील अरण्य हे एकाकीपणाचे स्थान नव्हते. तेथे आश्रम होते, अतिथी होते, अध्ययन-अध्यापन होते. सर्वसंगपरित्याग केलेल्या संन्याशालाही माधुकरीसाठी गावात यावे लागे. चार-पाच घरांच्या उंबऱ्यांवर त्याचे रोज दर्शन होई. एखाद्या दिवशी तो आला नाही, तर 'आज महाराज का बरे आले नाहीत?' असा प्रश्न कोणा ना कोणा गृहिणीच्या मनात उभा राही. ज्याने संसाराशी संबंध तोडला, त्याच्याही अनुपस्थितीची नोंद गावात होत असे. निवृत्तीनंतर एकट्याने राहायचे असेल तर कोठे राहावे, या प्रश्नाचे उत्तर त्या गृहिणीच्या मनातील प्रश्नात दडलेले आहे.

एकटेपणाची वाढती वस्ती

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्या वेळच्या लोकसंख्येत हे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात त्याहून अधिक, म्हणजे सुमारे १० टक्के होते. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. या ज्येष्ठांमध्ये अविवाहित आहेत, विधुर आहेत आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक विधवा भगिनी आहेत. मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे एकटे पडलेले पालकही आहेत. एकत्र कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ज्यांच्या वाट्याला ती आली नाही किंवा येऊन सुटली, त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहणे हे समाजाचे खरे कर्तव्य होय.

अशा व्यक्तीच्या राहण्याचा निर्णय पुष्कळदा दुसरेच कोणी घेतात. मुंबईच्या चाळीतील खोली किंवा पेठेतील जुनी जागा विकावी, शहराच्या कडेला दुप्पट आकाराची सदनिका घ्यावी, उरलेली रक्कम ठेवीत ठेवावी, असा सल्ला भाचे, पुतणे आणि मुले देतात. त्यामागे बहुधा सद्भावनाच असते. हिशेबही कागदावर चोख असतो. त्या हिशेबात चटईक्षेत्र असते, उद्वाहन असते, वाहनतळ असतो. नसते ते एवढेच की, सकाळी दूध आणायला बाहेर पडल्यावर वाटेत किती माणसे भेटतील.

दोन वस्त्या, एक उन्हाळा

ही नसलेली बाब किती महागात पडू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराने दिले आहे. १९९५ च्या जुलैमध्ये तेथे उष्णतेची भीषण लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि त्या एका आठवड्यात नेहमीपेक्षा सातशेहून अधिक मृत्यू झाले. मृतांमध्ये एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. कित्येकांचा अंत बंद दाराआड झाला आणि तो उघडकीस यायलाही वेळ लागला.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी या घटनेचा अभ्यास करून २००२ मध्ये 'हीट वेव्ह' हा ग्रंथ लिहिला. त्यातील एक तुलना प्रत्येक ज्येष्ठाने लक्षात ठेवावी अशी आहे. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शिकागोतील दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. दोन्हींकडे एकटे राहणाऱ्या गरीब वृद्धांचे प्रमाण जवळपास सारखे होते. तरीही त्या उन्हाळ्यात पहिल्या वस्तीत दर लाख लोकसंख्येमागे ४० मृत्यू झाले, तर दुसरीत केवळ ४. हवा तीच आणि सूर्यही तोच होता. पहिल्या वस्तीतील दुकाने ओस पडली होती, मोकळे भूखंड भकास झाले होते आणि भीतीपोटी वृद्ध घराबाहेर पडत नव्हते. दुसऱ्या वस्तीतील रस्ते गजबजलेले होते, दुकाने दाटीने उभी होती आणि चर्चचा परिसर जागता होता. तेथील वृद्धाला बाहेर पडावेसे वाटे. उकाडा असह्य झाला तर तो एखाद्या थंड दुकानात जाऊन उभा राही.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सनेही असाच आघात सोसला. उष्णतेच्या लाटेत तेथे सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. ऑगस्ट हा तेथील सुटीचा महिना असल्याने कुटुंबे आणि शेजारी गावोगावी गेले होते. संपन्न देश, उत्तम रुग्णालये आणि सुसज्ज घरे असूनही दार ठोठावणारा हात जवळ नव्हता.

पाश्चात्त्यांच्या या कथा ऐकून 'आमच्याकडे असे होत नाही' अशा समाधानात राहण्याचे कारण नाही. आपल्या महानगरांतील बंद दारांमागेही असे मृत्यू घडतात आणि वर्तमानपत्रांत चार ओळींत संपतात.

पायांचे क्षेत्रफळ

मग जागा निवडायची कशी? सत्तरीनंतर चालण्याचा वेग अनेकांच्या बाबतीत सेकंदाला एक मीटरच्या खाली येतो. सेकंदाला ०.८ मीटर असा वेग धरला, तर दहा मिनिटांत पाचशे मीटरच्या आसपास अंतर कापले जाते. हेच त्या व्यक्तीचे गाव. जाहिरातीत 'केवळ दहा मिनिटांवर बाजारपेठ' असे छापलेले असते. ती दहा मिनिटे मोटारीची असतात. घर पाहायला जाताना मोटार लांब उभी करून ही पाचशे मीटरची वर्तुळे पायांनी मोजावीत. दूध, भाजी, औषधे, बँक किंवा टपाल कार्यालय, नेहमीचा डॉक्टर, बसथांबा वा रिक्षाथांबा यांपैकी किती गोष्टी या परिघात आहेत, हे पाहावे. वाचनालय, मंदिर आणि बसायला एखादा पार किंवा कट्टा आहे का, हेही पाहावे. भगिनींनी तर स्वच्छ प्रसाधनगृहाची चौकशी संकोच न करता करावी. त्याच्या अभावी कित्येक जणी फिरणे सोडून देतात.

वाटही तितकीच महत्त्वाची आहे. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी, असे भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कड त्याहून उंच असेल, तर दुखऱ्या गुडघ्यांना तो पदपथ म्हणजे चढणच. रस्ता ओलांडण्याचेही गणित आहे. वीस मीटर रुंदीचा रस्ता तरुण मनुष्य सतरा-अठरा सेकंदांत ओलांडतो, ज्येष्ठाला पंचवीस लागतात. सिग्नल त्याआधीच बदलत असेल, तर पलीकडचे उद्यान नकाशावर कितीही जवळ दिसले तरी त्याच्यासाठी ते दूरच होय.

पेठ, उपनगर आणि गाव

पुण्याच्या मध्यवर्ती पेठांचे उदाहरण घ्यावे. १८८६ मध्ये बांधलेली मंडई, १८४८ मध्ये स्थापन झालेले नगर वाचन मंदिर, १९१० पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ, टिळक स्मारक मंदिर, तुळशीबाग, सारसबागेतील गणपती ही स्थाने परस्परांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ही याच शहराची देणगी. व्याख्यान ऐकून परतताना बरोबर कोणीतरी असतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके पेठांच्या पोटातच आली.

तथापि पेठांचे गुणगान करताना त्यांचे दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या इमारतींना उद्वाहन नाही. तिसऱ्या मजल्यावरील घर पन्नाशीत सुखाचे वाटते. तेच पंचाहत्तरीत तुरुंग होते. पदपथांवर दुचाकी उभ्या असतात, उत्सवकाळात ध्वनिवर्धकांचा कल्लोळ असतो आणि पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की दोन-तीन वर्षे अन्यत्र भाड्याने राहावे लागते. तरीही तळमजल्यावरचे छोटे घर आणि शहराबाहेरचे प्रशस्त घर यांत निवड करायची झाल्यास एकट्या ज्येष्ठाने छोटे घर घ्यावे. मोठे घर झाडायला लागते. लहान घरातून बाहेर पडावेसे वाटते.

पुणेच कशाला? डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि फडके रस्ता साऱ्या गावाचे अंगण झाला. विलेपार्ल्यात १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ उभा आहे. ठाण्यात १८९३ चे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि मासुंदा तलावाचा काठ आहे. महानगर नको असेल त्याने वाईसारखे गाव पाहावे. तेथे कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी आणि मराठी विश्वकोशाचे माहेरघर म्हणून एक विद्येची परंपरा आहे. अशा गावाची मर्यादाही ओळखावी. हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा प्रसंग आल्यास विशेषज्ञांच्या उपचारांसाठी साताऱ्याची किंवा पुण्याची वाट धरावी लागते आणि अशा वेळी घटका मोलाच्या असतात. ज्याला जुनाट व्याधी आहे त्याने हे अंतर आधी मोजावे.

सर्वांसाठी उघडे दार

चालण्याजोगी वस्ती ही आपोआप आपुलकीची वस्ती होते, असे मात्र नाही. तिच्या मनाचे दार किती उघडे आहे, हेही तपासावे लागते. विधवा भगिनीला हळदीकुंकवाचे बोलावणे येते का? अविवाहित स्त्रीकडे किंवा एकट्या पुरुषाकडे संशयाने पाहिले जाते का? भजनी मंडळात नव्या आवाजाला जागा आहे का? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. एका खेड्याने दाखवलेले हे धैर्य शहरांतील सुशिक्षित सोसायट्यांनीही दाखवावे. ज्या समाजात मातृशक्तीचा जयघोष होतो, त्या समाजातील हळदीकुंकवाच्या ताटातून एक आई वगळली जाणे हे लांच्छन आहे.

म्हणूनच नव्या जागी जाण्यापूर्वी आधीचे घर विकण्याची घाई करू नये. अकरा महिन्यांच्या करारावर तेथे राहून पाहावे. पाऊस, उन्हाळा आणि उत्सव असे तिन्ही अनुभवावेत. पहिल्याच महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालावे, वाचनालयाची वर्गणी भरावी आणि एखादे काम अंगावर घ्यावे. मुलांना गणित शिकवावे, ग्रंथपालाला मदत करावी, मंदिरातील हिशेब लिहावा. ज्याच्याकडे काम आहे, त्याची वाट पाहिली जाते. अकरा महिन्यांच्या शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी दार उघडले नाही, तर दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येईल? दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, कट्ट्यावरचे सोबती, समोरच्या वहिनी अशी तीन नावे सुचली, तर ते घर घ्यावे. एकही नाव सुचले नाही, तर ते घर कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक देशभर उपलब्ध करून दिला. तो प्रत्येकाने जवळ ठेवावाच. पण स्नानगृहात पाय घसरून पडलेल्या माणसाचा हात दूरध्वनीपर्यंत पोहोचत नाही. तेथे शेजाऱ्याची हाकच पोहोचते.

अखेरीस, ज्येष्ठांना चांगली वस्ती शोधण्याचा उपदेश करून इतरांची जबाबदारी संपत नाही. चांगली वस्ती घडवावी लागते. प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या परिसरातील एकट्या राहणाऱ्यांची यादी त्यांच्या संमतीने करावी आणि रोज सकाळी दहापूर्वी प्रत्येकाशी एकदा बोलणे व्हावे, अशी वाटणी करून घ्यावी. त्यासाठी ना निधी लागतो ना इमारत. पदपथावर दुचाकी लावणाऱ्या तरुणाने ती चार हात पुढे न्यावी. नगरसेवकाकडे कमानीची मागणी करणाऱ्या मंडळाने एकदा दोन बाकांची मागणी करावी. संन्याशाची वाट पाहणारी ती गृहिणी पुन्हा प्रत्येक गल्लीत दिसली, तर वार्धक्यात एकटे राहणाऱ्या कोणालाही एकाकी राहावे लागणार नाही.