हिवताप, विष आणि वारल्याचे घर



हिवताप आणि डीडीटी हा विषय निघाला की सुशिक्षितांत ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, माणसे तापाने मरत असताना पाखरांची आणि माशांची काळजी वाहणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. दुसरा तट रेचेल कार्सनबाईंच्या १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ह्या ग्रंथाचा दाखला देतो आणि म्हणतो, जे विष मातीत, दुधात आणि माणसाच्या चरबीत वर्षानुवर्षे मुरून राहते ते कोणत्याही कारणासाठी वापरणे हा गुन्हा आहे. दोन्ही तटांवरील मंडळी जेथे बसून बोलतात तेथे बहुधा ना हुडहुडी भरून ताप येतो, ना फवारणीचे पथक दारात उभे राहते. डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांनी मात्र ताप आणि विष ही दोन्ही एकाच कुडाच्या घरात शिरताना पाहिली आहेत. ह्या वादाचा विचार त्या घरापासून सुरू झाला पाहिजे.

ह्या भागात तापाचा हंगाम आणि कामाचा हंगाम एकच असतो. पाऊस ओसरू लागला की ओढ्यांचे पाणी संथ होते, खाचरांच्या कडेची डबकी निवळतात, आणि हिवतापाच्या डासाला असेच स्वच्छ, थांबलेले पाणी लागते. नेमकी त्याच आश्विन-कार्तिकात भाताची कापणी, झोडणी आणि गवतकापणी येते. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्यामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी जो लढा दिला तो ह्याच ऐन हंगामात. तळवाड्यास गोळीबार झाला तोही तेव्हाच. मालकाला गवत ह्याच दिवसांत कापून हवे असते म्हणून संपाला धार होती. परंतु त्याच दिवसांत घरातला कर्ता माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळला तर पिकलेले भात शेतात गळते, मजुरी बुडते आणि पुढच्या आषाढात खावटी जास्त काढावी लागते. हिवतापाचा मोजमाप केवळ मृत्यूंच्या आकड्याने करणाऱ्यांना ही खावटी दिसत नाही. तापाचे ओझे वारल्याच्या कर्जाच्या हिशेबात असते.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी आलेल्या त्या पांढऱ्या भुकटीचे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर ह्या स्विस रसायनज्ञाने १९३९ साली शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन ह्यांनी १९४६ पासून कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतील घरांत फवारणी करून दाखविली आणि तिच्या यशावरून पुढे देशव्यापी कार्यक्रमाची उभारणी झाली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे एक लाखावर आले आणि मृत्यूची नोंद एकही उरली नाही. इतक्या थोड्या काळात गरिबाच्या घरापर्यंत पोहोचलेली दुसरी सरकारी योजना दाखविणे अवघड आहे.

पुढे काय झाले तेही तितकेच ध्यानात ठेवावे लागते. १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांच्या वर गेली. रोग संपत आला असे मानून ज्या क्षेत्रांतील फवारणी थांबविली तेथे तापाच्या रुग्णाचा शोध घेणारी प्राथमिक आरोग्य केंद्रे तयार नव्हती. भुकटीचा पुरवठा उशिरा आणि अपुरा होत होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डासच विषाला दाद देईनासे झाले होते. श्रीलंकेनेही हाच धडा घेतला. तेथे १९६३ साली अवघे सतरा रुग्ण उरले, फवारणी बंद झाली, आणि १९६० चे दशक संपता संपता आकडा पाच लाखांपलीकडे गेला. कार्सनबाईंच्या पुस्तकामुळे लंकेत फवारणी थांबली असे डीडीटीचे कैवारी सांगतात, ते खरे नाही. ती थांबली यशाच्या भरवशावर. परत सुरू केली तेव्हा तिचा गुण पूर्वीसारखा येईना.

डास निर्ढावले कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर डहाणूच्या माणसाने नीट ऐकण्यासारखे आहे. ग्रामीण भागात हिवताप पसरविणारी मुख्य जात ‘अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस’. ह्या डासाची मादी रात्री गोठ्यातील गुरांचे किंवा झोपलेल्या माणसाचे रक्त पिते आणि जड झालेले पोट घेऊन जवळच्या भिंतीवर विसावते. तिच्या अंगात हिवतापाचा जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत ती फवारलेल्या भिंतीवर एकदा जरी बसली तरी साखळी तुटते. ह्यासाठी डीडीटी लागते भिंतीच्या एका चौरस मीटरला एक ग्रॅम. शंभर चौरस मीटर भिंत आणि छप्पर असलेल्या घराला एका फेरीत शंभर ग्रॅम, वर्षाच्या दोन फेऱ्यांत दोनशे. परंतु हेच डीडीटी, आणि त्याच्या जोडीला बीएचसी, ह्या देशात दीर्घकाळ शेतांवर आणि बागांवर पोत्यांनी ओतले गेले. शेतावरचे विष पावसाबरोबर खाचरांत, चरांत आणि डबक्यांत उतरते, आणि डासाच्या अळ्या वाढतात त्या तेथेच. त्यामुळे प्रौढ मादी भिंतीवर येण्यापूर्वीच तिच्या जातीला विष पचविण्याची तालीम मिळालेली असे. ह्या जातीची डीडीटीला प्रतिकारशक्ती भारतात प्रथम १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यात नोंदली गेली. तो जिल्हा त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. नंतर महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे ती फैलावली. मग मॅलाथिऑन आले. ते डीडीटीच्या कितीतरी पट महाग, वासाने घर नकोसे करणारे आणि वर्षातून तीन फेऱ्या मागणारे. आणि १९७३ सालीच गुजरातेत त्यालाही प्रतिकार दिसला. पुढे कृत्रिम पायरेथ्रॉइड आली. २००२ साली जवळच्या सुरत जिल्ह्यातील डासांत त्यांनाही प्रतिकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

शेतीत डीडीटी वापरण्यावर भारतात बंदी आली १९८९ साली, म्हणजे पंचमहालच्या नोंदीनंतर तीस वर्षांनी. बीएचसीवरील बंदीला १९९७ उजाडले. ह्या तीस-चाळीस वर्षांत गरिबाच्या घराचे एक स्वस्त आणि कामाचे हत्यार बाजाराच्या पिकांवर बोथट करण्यात आले, आणि ह्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारला नाही. वारली कुटुंबाकडे फवारायला बागही नव्हती.

विषाच्या अपायाचा हिशेब ह्याच रीतीने मांडला पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गाई-म्हशींच्या दुधाच्या बहुसंख्य नमुन्यांत डीडीटीचा अंश सापडला. दुधातील हा अंश नुसत्या घराच्या भिंतीवरून आला असेल असे मानणे कठीण आहे. तरी भिंतीवरची फवारणी अगदी निरुपद्रवी असेही नाही. पंप आणि बादल्या ओढ्यात धुतल्या तर मासे मरतात. पायरेथ्रॉइड माणसाला तुलनेने सौम्य असले तरी मासळी-कोळंबीला अत्यंत जहाल असते. शहरी माणसाला ओढ्यातील मासळी ही किरकोळ गोष्ट वाटेल. वारली आणि कोकणा कुटुंबाला पावसाळ्यात खाचरांत आणि ओढ्यांत मिळणारी मासळी आणि खेकडी हेच तर त्या महिन्यांतले सकस अन्न. ताप आलेल्या पोराला तापानंतर उभे करते ते हेच अन्न. तेव्हा पर्यावरणाची हानी म्हणजे दूरच्या कुठल्या पक्ष्याची अंडी, असा प्रकार येथे नाही.

सरकारी अहवालांत ‘लोकांचा नकार’ नावाचा एक रकाना असतो. त्याच्याकडेही जरा वळून पाहावे. कारवीच्या कुडावर शेणामातीचा गिलावा, त्यावर गेरूचा हात, आणि लग्न असेल तर तांदळाच्या पिठाने रेखलेला चौक, अशी वारल्याची भिंत. पथक येते, भांडीकुंडी अंगणात काढायला लावते, चौकावर पांढरे ओघळ सोडते आणि बजावते, दोन-तीन महिने सारवू नका. सण किंवा लग्न आले की घरची बाई सारवते, कारण न सारवलेले घर म्हणजे सुतकाचे घर. सारवले की विष गिलाव्याखाली जाते. शिवाय फवारणीनंतर ढेकूण अधिक सतावतात ही तक्रार फार जुनी आहे आणि ती खरीही होती; ढेकणांना डीडीटी बाधेनासे होऊन कित्येक वर्षे लोटली होती. मग घरच्यांनी देवाची आणि कणगीची खोली दाखविलीच नाही तर त्यात अडाणीपणा कोणता? ज्या भिंतीचा निर्णय घ्यायचा तिच्या मालकिणीला कोणी विचारलेले नसते. आणि कापणीनंतर रात्री खळ्यावर राखणीला झोपणाऱ्या माणसाचे रक्षण कोणती भिंत करणार? दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर पाल ठोकून राहणाऱ्यांना तर भिंतच नसते.

विषावाचून काम भागेल काय, ह्याचाही अनुभव हाताशी आहे. १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मलेरिया रिसर्च सेंटरने गुजरातच्या खेडा जिल्ह्यात नडियाद तालुक्यात एक प्रयोग केला. खड्डे बुजविणे, गटारे वाहती करणे, विहिरींत गप्पी मासे सोडणे आणि घरोघर तापाचा रुग्ण शोधून लगेच औषध देणे अशी त्याची रीत होती, आणि ताप उतरला. परंतु खेड्याची सपाट, कालव्याची, सहकारी दूध संस्थांची भूमी एक आणि तलासरीचे डोंगरउतार दुसरे. येथे डोंगरओढ्यांच्या कडेला ‘अ‍ॅनाफिलीस फ्लुव्हिआटिलिस’ ही आणखी एक जात वाढते, आणि वाहता ओढा काही बुजविता येत नाही. गप्पी मासा सर्वत्र पुरेल असे सांगणारा पर्यावरणवादी आणि भुकटी सर्वत्र पुरेल असे सांगणारा अधिकारी ह्यांच्यात त्या बाबतीत फारसा फरक नाही.

तेव्हा फवारणी पूर्णपणे सोडून द्या ही मागणी ह्या दोन तालुक्यांतील कार्यकर्त्याने करू नये. २००१ सालच्या स्टॉकहोम करारानेही डीडीटीला रोगवाहक कीटकांपुरती सवलत ठेवली. मागणी करावयाची ती अशी की ज्या पाड्यावर त्या वर्षी तापाचे रुग्ण निघाले तेथेच, पावसाळ्यापूर्वी, तिथल्या डासाला लागू पडणारे औषध फवारले जावे. डासाची परीक्षा केल्याशिवाय पोती उतरवू नयेत. आणि फवारणीची तारीख सारवणाच्या आणि लग्नांच्या दिवसांशी जुळवून ग्रामसभेत ठरावी. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला जो अधिकार देतो तो ह्या कामी कधीतरी वापरून पाहावा. खळ्यावर आणि भट्टीवर जाणाऱ्याला औषध लावलेली मच्छरदाणी द्यावी. फाल्सिपेरम जातीचा हिवताप थोड्या दिवसांत मेंदूला चढतो. त्यात रक्ताची तपासणी पाड्यावरच आशाताईच्या हातून त्याच दिवशी झाली पाहिजे. तलासरीच्या अत्यवस्थ रुग्णाला सिल्वासा नाहीतर वलसाड गाठावे लागणे ही व्यवस्था नव्हे. फवारणीचे काम हंगामी रोजंदारीवर करणारी पोरेही बहुधा ह्याच पाड्यांवरची. त्यांना हातमोजे, मुखपट्टी आणि कायम नोकरीचा हक्क हे पर्यावरणाच्या प्रश्नातच मोडते, कारण विष सर्वांत आधी त्यांच्या फुप्फुसात जाते.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तेथे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्या अधिसूचनेचा रोख कारखाने आणि जमिनीचा वापर ह्यांवर होता. त्यामुळे चिकूच्या वाड्या आणि किनारा बऱ्याच अंशी वाचला, हे खरे. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन ह्याच दोन तालुक्यांतून जातात. भरावासाठी माती काढली की खड्डे पडतात, खड्ड्यांत पाणी साठते, आणि परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या रक्तात कोठलाही जंतू असू शकतो. मुंबईत अलेक्झांड्रा गोदी बांधली जात असताना आसपासच्या वस्तीत हिवताप माजला होता आणि १९११ साली बेंटली ह्या अधिकाऱ्याने त्यावर सविस्तर अहवाल दिला होता. तेव्हा डीडीटी नव्हते. विहिरी झाका, पाणी साठू देऊ नका, एवढेच त्याला सांगता येत होते. डहाणू-तलासरीतील प्रत्येक कंत्राटदाराच्या करारात खड्डे बुजविण्याची आणि मजुरांची रक्ततपासणी करण्याची अट आहे काय, असल्यास तिचा खर्च कोणाच्या नावे आहे, हे येत्या पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या कचेरीत जाऊन लेखी विचारायचे काम कार्यकर्त्यांकडे आहे.