धरणीकंप आणि दारिद्र्य

धरणीकंप राजा आणि रंक असा भेद करीत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. भूमीच्या पोटातील उलथापालथीपुरते ते खरे होय. परंतु धक्का बसल्यावर प्राण कोणाचे गेले व पैसा कोणाचा गेला, याचा हिशेब मांडू लागले की हा भेद पदोपदी दिसू लागतो. सन २०१० च्या प्रारंभी अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने झालेले दोन भूकंप या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत.

१२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाला ७.० परिमाणाचा धक्का बसला. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीतील राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, संसदगृह व मुख्य प्रार्थनामंदिर कोसळले. तेथील सरकारने मृतांची संख्या दोन लाखांहून अधिक सांगितली. तो आकडा वादग्रस्त ठरला. तथापि सर्वांत लहान अंदाजही चाळीस हजारांच्या वरच आहे. पुढे २७ फेब्रुवारीच्या पहाटे दक्षिण अमेरिकेतील चिली देश ८.८ परिमाणाच्या भूकंपाने हादरला. हैतीतील भूकंपाच्या सुमारे पाचशेपट शक्ती त्यात मोकळी झाली. मृत्यू मात्र सव्वापाचशेच्या आसपास झाले, आणि त्यांतील मोठा हिस्सा घरांखाली नव्हे, तर मागाहून आलेल्या समुद्राच्या लाटांत झाला.

तुलना न्याय्य व्हावी म्हणून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हैतीतील भूकंपाचा उगम उथळ असून राजधानीपासून जेमतेम २५ किलोमीटरवर होता. चिलीचा उगम समुद्रतळाखाली होता. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. चिलीतील कन्सेप्सियोन शहर मिनिटाहून अधिक काळ हालत होते. तरीही तेथील बहुतेक उंच इमारती उभ्या राहिल्या. खरे उत्तर घरांच्या भिंतींत शोधावे लागते.

हैतीतील सामान्य माणूस घर बांधतो ते पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचे. सिमेंट महाग, म्हणून ठोकळ्यांत ते कमी घालावयाचे. लोखंडही महाग, म्हणून खांबातील सळया बारीक आणि त्यांना बांधणाऱ्या रिंगा विरळ ठेवावयाच्या. दरवर्षीच्या वादळांत छप्पर उडू नये म्हणून वर मात्र जड काँक्रीटची स्लॅब! वाऱ्यापासून वाचविणारे तेच छप्पर भूकंपात माणसांच्या अंगावर आले. चिलीतील इमारतींत लोखंडाने सांधलेल्या काँक्रीटच्या सलग भिंती भरपूर असतात, आणि बांधणारा पुढेही कित्येक वर्षे कायद्याने जबाबदार राहतो.

हे शहाणपण चिलीला फुकट मिळालेले नाही. १९२८ साली ताल्का शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथे बांधकामाचे नियम करण्यास आरंभ झाला. १९३९ च्या चियान येथील भूकंपाने हजारोंचे बळी घेतल्यावर ते अधिक कडक झाले. १९६० साली तर ९.५ परिमाणाचा, म्हणजे यंत्रांनी नोंदलेल्यांपैकी सर्वांत मोठा भूकंप त्याच देशाने सोसला. प्रत्येक पिढीला धक्का बसत गेला, त्यामुळे धडा विसरण्यास सवड मिळाली नाही.

हैतीचे दुर्दैव दुहेरी. १७७० सालानंतर राजधानीवर मोठा भूकंप आला नाही, म्हणून आठवण पुसली गेली. शिवाय गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेल्या या देशावर १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून जबर खंडणी लादली. तिच्यापायी काढलेल्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालली. ज्या पैशातून शाळा, नगररचना व इमारतींवर देखरेख करणारे अभियंते उभे राहावयाचे, तो पैसा परदेशी गेला.

हाच न्याय महाराष्ट्रालाही चुकलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, पहाटे किल्लारीच्या परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व वर मातीचा थर असलेली माळवदे निद्रिस्तांवर कोसळून आठ ते दहा हजार माणसे दगावली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, तशाच पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ६.७ परिमाणाचा धक्का बसला. तेथे सुमारे साठ माणसे मेली; नुकसान मात्र अब्जावधी डॉलरांचे झाले. श्रीमंत प्रदेश मालमत्ता गमावतो, गरीब प्रदेश माणसे गमावतो.

आणि गरिबाचे थोडे नुकसानही त्याला भारी पडते. २०१० साली चिलीची हानी सुमारे तीस अब्ज डॉलर, म्हणजे वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. हैतीची हानी आठ अब्जांच्या जवळपास, म्हणजे आकड्याने कितीतरी कमी. पण ती त्या देशाच्या संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक होती.

तथापि संपत्ती हेच सर्वस्व मानणेही चूक ठरेल. तुर्कस्तान हैतीहून कितीतरी सधन, कायदाही उत्तम. परंतु नियमबाह्य इमारतींना दंड घेऊन अभय देण्याची तेथे रीत पडली होती. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत तेथे पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. उलट पक्षी, चिलीत सरकारी यंत्रणेने लाटांचा इशारा चुकीने मागे घेतला असताही, किनाऱ्यावरील अनेक कोळी कोणाची वाट न पाहता उंच जागी धावले आणि वाचले. वाडवडिलांची शिकवण त्यांच्या कामी आली. तिला पैसा लागला नव्हता.

तात्पर्य, भूकंपातील मृत्यूंचा निकाल भूमी हालण्यापूर्वी कित्येक वर्षे लागलेला असतो. खांबात रिंगा किती अंतरावर बांधल्या, वाळू धुतलेली होती की नाही, हे काँक्रीट ओतल्यावर कोणासही दिसत नाही. घर घेणारा गृहस्थ दिवाणखान्याची फरशी बारकाईने निरखतो. खांबातील लोखंडाची चौकशी क्वचितच करतो. ती चौकशी बांधकाम चालू असतानाच करावयाची असते. आणि ज्यांना ती करण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी ती करणे हे नगरपालिकेचे व सरकारचे कर्तव्य होय.