रुग्णशय्येजवळची परीक्षा



आपल्यापैकी अनेकांची मुले डॉक्टर होऊ पाहत आहेत. त्यांचा हात कसा पारखला जातो, हे आपण क्वचितच विचारतो. पूर्वापार रीतीत विद्यार्थ्याच्या वाट्याला एक 'लाँग केस' येते. रुग्ण बोलका आणि परीक्षक प्रसन्न, तर बेडा पार! या दैवाला आळा घालण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी १९७५ साली 'ऑस्की' पद्धत मांडली. सर्व विद्यार्थी घंटेबरोबर त्याच त्या टेबलांवरून फिरतात. एके ठिकाणी रक्तदाब मोजायचा, दुसरीकडे शस्त्रक्रियेची माहिती देऊन संमती घ्यायची. हात धुतले का, पट्टा दंडावर नीट बसवला का, अशी यादी परीक्षकाच्या हाती आधीच असते.

हा न्याय आम्हां शिक्षकांस मान्य आहे. परंतु काही मिनिटांच्या तुकड्यांत अखंड माणूस सापडत नाही. रुग्णाची धाप, त्याचा गिरणीतला धंदा आणि घरातली धुराची चूल यांचा धागा जुळवणे लाँग केसमध्येच दिसते. ती सर्वस्वी टाकू नये.

परप्रांती आणखी एक पेच. प्रश्नपत्रिका इंग्रजी, पण कोलकात्याची आजी आपला खोकला बंगालीतच सांगणार. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात आरंभीच स्थानिक भाषेचे पाठ आले, हे उत्तम झाले. मात्र 'रुग्णाशी संवाद साधला' या ओळीपुढे खूण करताना परीक्षक आजीला काय उमजले हे पाहतो का? तेवढ्यालाच गुण मिळावेत, अशी आमची मागणी आहे.