पियानोच्या बाकातला फ्रान्स



पत्रिकेत माझा विषय 'फ्रेंच पियानो : देब्युसी आणि राव्हेल' असा छापला आहे. तो मीच कळवला होता, तेव्हा संयोजकांना बोल लावता येत नाही. पण त्या दोघांबद्दल तुम्ही भरपूर वाचलेलं असणार, निदान पुढच्या दोन रांगांनी तरी. (हशा) 'क्लेर द ल्यून' कधी कानावर पडलं नाही, असा माणूस या उकाड्यात इथवर येणार नाही. म्हणून ते गृहीत धरतो आणि त्यांच्या सावलीत विसरल्या गेलेल्यांबद्दल बोलतो.

1901 सालचं 'प्री द रोम' घ्या. फ्रान्समधल्या तरुण संगीतकारांची सगळ्यात मानाची स्पर्धा. पहिला आला आंद्रे काप्ले. तिसरा राव्हेल. दुसरा कोण? सांगा की कुणीतरी. दुसरा गाब्रिएल द्युपाँ. 1878 चा जन्म. क्षयानं गाठलं आणि 1914 च्या ऑगस्टमध्ये, छत्तिसाव्या वर्षी गेला. तेव्हा सगळा फ्रान्स रणांगणाकडे निघाला होता, एका संगीतकाराचं सुतक कोण पाळणार?

अंथरुणाला खिळलेल्या दिवसांवर त्यानं पियानोसाठी चौदा रचनांची एक माळ केली. 'लेझ्यूर दोलांत'. आपण 'दुखऱ्या घटका' म्हणू. नुसती नावं ऐका : 'खोलीत संध्याकाळ उतरते', 'रविवारची दुपार', 'डॉक्टर', 'एक मैत्रीण फुलं घेऊन आली'. पुढे 'मृत्यू घुटमळतो आहे', आणि त्याला लागूनच 'मुलं बागेत खेळताहेत'. खाटेवर पडून छताकडे बघत ज्यानं आठवडे काढलेत, त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

आता माझं म्हणणं. घरचे याला 'यांचं तुणतुणं' म्हणतात. (हशा) चांगलं असतं तर टिकलं असतं, काळाची चाळणी असते, असं आपण ऐकत आलो. मला ते मान्य नाही. हे संगीतकार विसरले गेले, कारण त्यांना वाजवणारी खोली गेली. त्या काळच्या पॅरिसमध्ये बऱ्या परिस्थितीतल्या घरी पियानो असायचा आणि संध्याकाळी घरातलं कुणीतरी त्यावर बसायचं. हे संगीत त्या बोटांसाठी होतं. ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि ती बोटं मांडीवर विसावली. आपल्या घरातली पायपेटी कधी गेली, आठवून पाहा.

जे फार अवघड असतं त्याला कुणीतरी वाली भेटतो. फ्रेंच संगीतकार आल्काँचंच बघा. 1857 मध्ये त्यानं जे बारा एत्यूद छापले, त्यात एकट्या पियानोसाठी आख्खा कॉन्चेर्तो आहे! तोही विस्मरणात गेला होता. तालमूद काढायला हात वर केला आणि पुस्तकांचं कपाट अंगावर पडून तो मेला, एवढी दंतकथाच लोकांना ठाऊक होती, आणि तीही बहुधा खोटी. पण 1932 मध्ये ज्यानं आपल्या पुस्तकात आल्काँची बाजू मांडली, तो संगीतकार सोराबजी मूळ मुंबईच्या पारशी बापाचा मुलगा. पुढे मोठमोठ्या वादकांनी आल्काँला आव्हान म्हणून उचललं. सोपं असतं ते क्लासवाले सांभाळतात. मधलं, घरगुती, थोडं कठीण, त्याला कोण विचारतो?

पुराव्यादाखल एक गोष्ट सांगतो. दोन मिनिटांत.

वांद्र्याच्या एका जुन्या घरातून मी पियानो विकत घेतला. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. जिन्यावरून चार हमालांनी तो उतरवला तेव्हा त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. पियानोबरोबर बाक आलं. दमट हवेनं पियानोचे सूर इतके उतरले होते की महिनाभर मी त्याला हात लावला नाही, बाकावर वर्तमानपत्रं ठेवत होतो. एकदा ती उचलताना फळी हलली. खाली पेटी, आणि आत नोटेशनच्या वह्यांचा गठ्ठा. कसर लागलेली. सगळ्यात वर सेसिल शामिनाद, 'ओतोन', म्हणजे शरद.

ही बाई तिच्या काळी घराघरांत वाजायची. 1913 मध्ये तिला लेजियाँ दोनर मिळालं, स्त्री संगीतकाराला मिळालेलं पहिलं. त्या वहीत प्रत्येक सुरावर पेन्सिलीनं बोटांचे आकडे होते. संथ सुरुवात, मग मधे वादळ, मग पुन्हा तीच संथ धून, अशी ती रचना. वादळाची पानं एकमेकांना टाचणीनं जोडलेली होती. (हशा) हसू नका. मालकीणबाईंना तेवढं झेपत नव्हतं, म्हणून त्या वादळ गाळून सरळ शेवटच्या धुनेवर यायच्या. टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग उठलाय. मी ती काढली. वादळ वाजवून पाहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा लावली. (टाळ्या)

कुठल्याही संगीतकोशात ही टाचणी सापडणार नाही, आणि शामिनाद जगली ती अशा टाचण्यांवर.

ही चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' अध्यक्षमहाराज, मेल बोनिस राहिलीच की हो! बाई आहे हे कळू नये म्हणून मेलानीचं 'मेल' करून छापायची, कॉन्झर्व्हातोआरमध्ये देब्युसीच्या बरोबरीची. तिच्यावर दहा पानं लिहून आणली आहेत. मागच्या बाकांवरून कुणीतरी 'पुढच्या वर्षी' म्हणालं, ते निमंत्रण समजतो. (हशा)

मग बोलणं थांबवतो. द्युपाँची ती बागेतल्या मुलांची रचना ध्वनिमुद्रणात आणली आहे. स्पीकर लहान आहे. कोपऱ्यातला तो मोठा पंखा तेवढा कुणी बंद करता का?