कॉइल खरंच गेली का?



आपल्यापैकी काहींच्या घरी बाबांची जुनी मोटरसायकल अजून उभी असेल. सुट्टीत गेलं की किका मारून दमायचं आणि शेवटी मेकॅनिकने सांगायचं, "साहेब, कॉइल गेली." जुन्या गाडीची अस्सल कॉइल मिळणं सोपं नाही. म्हणून फेकण्याआधी मोजा.

कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: जाड तारेची प्रायमरी आणि बारीक तारेची सेकंडरी. इग्निशन बंद करा, इंजिन थंड होऊ द्या, कॉइलच्या वायरी सोडवा. मल्टीमीटर 200 ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल तो पुढे वजा करायचा. प्रायमरी बहुधा 5 ओहमच्या आत येते. कॉइलला एकच टर्मिनल असेल, तर दुसरं टोक म्हणजे तिची लोखंडी पट्टी. सेकंडरी किलोओहममध्ये मोजा, पण आधी प्लगकॅप काढा. पुष्कळदा तिच्यातच 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. मोठ्या रेंजवरही आकडा आला नाही, तर तार तुटली. फारच कमी आला, तर वेटोळी आतून शॉर्ट. नेमका आकडा मात्र त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरा.

आणि आकडा बरोबर आला तर? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ठाऊक आहे, टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नव्हे! मीटरची बॅटरी जेमतेम 9 व्होल्टची, कॉइलचं काम हजारो व्होल्टचं. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर चांगली कॉइल लावून बघणं हाच खरा निकाल.