दातांच्या डॉक्टरची भीती आणि सेडेशन



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरच्यांना घेऊन दातांच्या दवाखान्यात बसताना प्रश्न विचारत गेलो, त्यातून जे समजले तेवढेच सांगतो.

आपल्याकडे दाढ दुखली की आधी लवंगेचे तेल, मग दुखण्याची गोळी, आणि गाल सुजला की दवाखाना. याला आपण हलगर्जीपणा म्हणतो. पुष्कळदा ती भीती असते. माझी खाला म्हणते, "बेटा, सुईचं काही नाही, त्या मशीनच्या आवाजानंच छातीत धडधडतं." अशा माणसाला "घाबरू नका" म्हणून काय उपयोग?

हिरडीतले इंजेक्शन तेवढा भाग बधिर करते. मनातली भीती तशीच राहते. ती कमी करण्यासाठी दिले जाते ते सेडेशन. ते घेतले तरी बधिर करण्याचे इंजेक्शन सहसा लागतेच.

सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनसोबत नायट्रस ऑक्साइड. 11 डिसेंबर 1844 रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात होरेस वेल्स या दंतवैद्याने हाच वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला होता. आज तो बेताच्या प्रमाणात देतात. माणूस जागा राहतो, बोललेले त्याला कळते, आणि नंतर काही मिनिटे नुसता ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. मात्र सर्दीने नाक चोंदले असेल तर उपयोग नाही. गर्भवती बाईने आधीच सांगायला हवे.

गोळी सोपी वाटते. मला तिचीच जास्त धास्ती वाटते. आमच्या कामात नवा बदल बिघडला तर मागे घेता येतो; पोटात गेलेली गोळी मागे घेता येत नाही, आणि कुणाला किती चढेल याचा नेम नसतो. म्हणून घरातल्या कुणाची झोपेची गोळी परस्पर खाऊन जाऊ नका. शिरेतून मिडाझोलाम देताना डॉक्टर परिणाम पाहत थोडे थोडे देऊ शकतात. पण त्याने श्वास मंदावू शकतो. तेव्हा स्पष्ट विचारा: तुम्ही दातात गुंतलेले असताना माझ्या श्वासाकडे आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे कोण पाहणार? काही बिघडले तर ऑक्सिजन आणि उताऱ्याचे औषध इथे आहे का? या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर असेल, तर मी तिथून उठेन.

आपणही लपवू नये. दारू, झोपेच्या गोळ्या, मोठे घोरणे, दमा, सगळे सांगावे. लाजेने दडवलेली गोष्ट इथे जिवावर बेतू शकते. गोळी किंवा शिरेतून औषध घेतले असेल तर सोबत घरचे मोठे माणूस हवे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही.

खर्चही आधीच विचारा. एक उपाय मात्र फुकट आहे: डावा हात वर केला की थांबायचे, असे डॉक्टरांशी सुरुवातीलाच ठरवून घ्या. काहींना तेवढ्यानेच पुरते.